जाहीर रोग कार्यक्रम

हरिहरेश्वरच्या एका रिसॉर्टने मला नोकरी देऊ केली, तेव्हा नेमणूकपत्रासोबत एक शर्टही पाठवला. निळ्या कापडावर पिवळ्या जास्वंदी, आणि एकेक जास्वंद पोळीएवढी. शनिवार-रविवार संध्याकाळी तो शर्ट घालून पोहण्याच्या तलावाशेजारी उंच स्टुलावर बसायचं आणि पाहुणे भजी खात असतील तेवढा वेळ गिटारवर जुनी हिंदी गाणी म्हणायची, असं कामाचं स्वरूप होतं. जेवण तिकडेच.

इथे मला स्वतःविषयी थोडं सांगावं लागेल, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी निकेत. रॉक संगीतकार. गाणी स्वतः लिहितो, चाली स्वतः लावतो, गिटार स्वतः वाजवतो आणि कोणत्याही कंपनीचा मिंधा नाही. अशा माणसाला जगात स्वतंत्र कलाकार म्हणतात. आमच्या गावात त्याला 'अजून काही लागलं नाही का' असं म्हणतात. गाव दिवेआगर आणि श्रीवर्धनच्या मधे, समुद्रालगत आहे. पाहुणे त्याला दिवेआगरच समजतात आणि आम्हीही फारशी हरकत घेत नाही. सोळा वर्षांत माझे तीन अल्बम इंटरनेटवर आले. माझा एक नियमित श्रोता फिनलंडमध्ये आहे. हे मी शेजारच्या चांगदेवकाकांना एकदा अभिमानाने सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं की तिकडे आपल्यातलं कोण असतं.

चांगदेवकाका निवृत्त पोस्टमास्तर. दुसऱ्याचं पार्सल उघडताना हजर राहण्याचा आपला हक्क निवृत्तीनंतरही शाबूत आहे असं ते मानतात. शर्ट आला त्या रविवारी ते आमच्या पडवीत होतेच, शिवाय पलीकडच्या मनुबाईही ताकाचं भांडं परत करायला आल्या होत्या. मनुबाईंची मोठी वाडी आहे, नारळ-पोफळीची, आणि वाडीत चार खोल्यांचं होमस्टे. दोघांनी शर्टाचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि चांगलं असल्याचा निर्वाळा दिला. काका म्हणाले की रॉकबिक ठीक आहे, चाळिशीपर्यंत माणसाने हौस करावी. मी बेचाळीस वर्षांचा आहे हे त्यांना माहीत होतं. माझा जन्मदाखला पोस्टाने आणण्यापासून सगळं त्यांच्याच हातून झालंय. मनुबाईंचं म्हणणं पडलं की आपल्या पुण्याच्या पाहुण्यांनाही गाणं लागतंच, मग सोमवार ते शुक्रवार मी त्यांच्याकडे यावं.

माझी बायको क्रांती श्रीवर्धनच्या एका शाळेत मराठी शिकवते. ती झोपाळ्यावर पेपर तपासत बसली होती. तिने लाल पेन न थांबवता म्हटलं, "निकेत, इथे तुझी गाणी कोणाला आवडत नाहीत असं नाही. इथे ती कोणी ऐकलीच नाहीत. नाही म्हणायला तरी ऐकावी लागतात."

हे वाक्य मला लागलं. आणि मला काही लागलं की मी जाहीर बोलतो, हा माझा दोष आहे. मी उभा राहिलो आणि सांगितलं की पुढच्या महिन्यात, याच गावात, माझ्या स्वतःच्या नऊ गाण्यांचा कार्यक्रम होईल. त्यात एकही सिनेमाचं गाणं नसेल. पन्नास माणसं शेवटपर्यंत बसली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी हा शर्ट घालून मी आपण होऊन हरिहरेश्वरला जाईन. बोलून झाल्यावर आकडा तीस ठेवायला हवा होता असं वाटलं, पण काकांनी तो तोवर खिशातल्या डायरीत लिहून खाली तारीख घातली होती.

आधी जागा. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांनी मला चहा दिला, माझ्या केसांकडे पाहिलं आणि मैदानावर नवीन गवत लावल्याचं सांगितलं. मी खिडकीतून बघितलं तर मैदानावर एक म्हैस उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून तरी नवीन गवत लागल्याचं दिसत नव्हतं. शेवटी मनुबाईंनीच वाडीतली मोकळी जागा दिली. वादळात झाडं गेली त्यामुळे ती मोकळी झाली होती. त्यांची अट एकच: कडेला लावलेल्या पोफळीच्या रोपांना कोणी धक्का लावायचा नाही. लावला, तर जो लावेल त्याला त्या रोपाच्या जागी उभं करणार.

मग परवानगी. पोलीस ठाण्यातल्या अर्जावर लाउडस्पीकरच्या कारणासाठी लग्न, पूजा, जयंती, प्रचारसभा आणि इतर असे पाच चौकोन होते. मी 'इतर'वर खूण केली. हवालदार दत्तात्रेय यांनी चष्मा काढून पुसला. अकरा वर्षांत इथे कोणीच 'इतर' केलेलं नाही, म्हणाले. एखादी जयंती असेल तर बघा, काम सोपं होईल. मी नाही म्हटलं. त्यांनी सगळ्या गाण्यांचे शब्द लेखी मागितले. मी दिले. त्यांनी पेन्सिल घेऊन नऊच्या नऊ गाणी वाचली, आणि खरं सांगायचं तर माझी सगळी गाणी इतक्या लक्षपूर्वक वाचणारा तो पहिला माणूस. एका गाण्यात 'पेटवून देईन सारं' अशी ओळ आहे. सारं म्हणजे काय काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते लाक्षणिक आहे. ते म्हणाले, यादी असती तर बरं झालं असतं. अखेर त्यांनी त्या ओळीपुढे कंसात 'मनातल्या मनात' असं लिहून माझी सही घेतली.

आता राहिलं ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र. तिथल्या संगणकावर 'रॉ' उमटत नव्हता. क्लार्कने पुष्कळ खटपट करून 'रोक कार्यक्रम' असं टाइप केलं आणि तो जेवायला गेला. त्याच्या जागी बसलेल्या दुसऱ्या क्लार्कला वाटलं, पहिल्याने चूक केली. त्याने ती सुधारली. माझ्या हाती आलेल्या पत्रात सही-शिक्क्यानिशी लिहिलं होतं: 'श्री. निकेत यांच्यातर्फे सर्व ग्रामस्थांसाठी मोफत जाहीर रोग कार्यक्रम घेण्यास हरकत नाही.' मी तसाच परत गेलो. दुरुस्तीसाठी नवा अर्ज करावा लागेल आणि तो पुढच्या मासिक सभेत येईल, असं समजलं. कार्यक्रम तीन दिवसांवर होता. क्रांतीने पत्र वाचलं आणि तिचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. मी म्हटलं, राहू दे, ना-हरकत पत्रं कोण वाचतं.

घंटागाडीवाला वाचतो. शनिवारी सकाळी ओला-सुका कचरा वेगळा करण्याच्या सूचनेनंतर त्याने लाउडस्पीकरवरून गावाला कळवलं की रविवारी दुपारी चार वाजता मनुबाईंच्या वाडीत मोफत रोग कार्यक्रम आहे, तरी जास्तीत जास्त संख्येने लाभ घ्यावा. मी गाडीच्या मागे धावलो. पण ज्या माणसाला धावतानाही 'कचरा ओला की सुका' असं विचारलं जातं, त्याला आपली बाजू नीट मांडता येत नाही.

रविवारी दुपारी माझा ड्रमवाला दिपेश उरणहून आला. दिपेशचा धंदा कंटेनर वाहतुकीचा. ड्रम त्याने लहानपणी पाण्याच्या पिंपावर सुरू केले आणि माझ्या मते पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या तोडीचा हात नाही. त्याला छोटा टेम्पो मिळाला नव्हता, म्हणून तो चाळीस फुटी ट्रेलर घेऊन आला. ट्रेलरवर मध्यभागी एक ड्रमसेट, दोरीने बांधलेला. गल्लीच्या वळणावर मनुबाईंच्या कुंपणाचा चिऱ्याचा गडगा आणि काकांचा गडगा यांच्यामध्ये ट्रेलर जो बसला तो पुढेही जाईना, मागेही येईना. दिपेश खाली उतरला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाला, "भाऊ, ही गाडी आता क्रेन आल्याशिवाय हलत नाय. स्टेज कुठं बांधलंय?" स्टेज बांधलंच नव्हतं. ट्रेलरची शेपटी वाडीच्या मागच्या फाटकात शिरून मोकळ्या जागेपर्यंत आलेली होती. अशा तऱ्हेने गावातला सर्वात मोठा रंगमंच मला फुकट मिळाला आणि काकांना घराबाहेर पडायला वाट उरली नाही. ते गडगा चढून प्रेक्षकांत आले.

प्रेक्षक भरपूर होते. सव्वाशेच्या वर. साठीच्या खालचा क्वचितच. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत रिपोर्ट. एकाने छातीचा एक्स-रे पंख्यासारखा वारा घ्यायला वापरला होता. उपकेंद्रातली सिस्टर प्राप्ती हिलाही पत्राची प्रत पोचली होती. ती पुढच्या फाटकाशी टेबल मांडून रक्तदाब मोजत होती आणि मला बघून म्हणाली की डॉक्टर कधी येणार ते सांगा, लोक खोळंबलेत.

मी ट्रेलरवर चढलो, माइक हातात घेतला आणि सगळं स्पष्ट सांगितलं. डॉक्टर नाहीत. रोग नाही, रॉक. एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले की पोराचं नाक चोंदलंय. मी पहिलं गाणं सुरू केलं.

पहिल्या गाण्याला तीसेक माणसं उठून गेली. दुसऱ्यानंतर आणखी वीस. 'पेटवून देईन सारं' मी इतक्या जोरात म्हटलं की मनातल्या मनात ही अट मोडली; मागे साध्या कपड्यात उभ्या असलेल्या दत्तात्रेय हवालदारांनी आकाशाकडे पाहिलं. क्रांती शेवटच्या खुर्चीवर बसून माणसं मोजत होती. तिच्यापलीकडे रिसॉर्टचे मॅनेजर केतन बसले होते, नम्रपणे, मांडीवर हात ठेवून. पाचव्या गाण्यानंतर कोणीतरी जुन्या सिनेमाचं गाणं सुचवलं. मग दुसऱ्यानेही तेच सुचवलं. ते गाणं मला येतं. कोणालाही येतं. ते म्हटलं असतं तर एकही माणूस हलला नसता, हे मला ट्रेलरवरून अगदी स्वच्छ दिसत होतं. काकांनी हाताने खूण केली की म्हण, म्हण. मी माइकवर सांगितलं की ज्यांना ते ऐकायचंय त्यांच्या मोबाइलमध्ये ते आहे. माझं मात्र फक्त माझ्याकडे आहे. आणखी पंधरा जण गेले. उरलेल्यांत काही जण उठायला त्रास होतो म्हणून बसले असावेत, पण मी कारणं विचारत बसलो नाही.

नवव्या, म्हणजे शेवटच्या गाण्याला मी हात घातला आणि त्याच वेळी मनुबाईंचे पाहुणे समुद्रावरून परतले. चारही खोल्यांतले गीझर एकदम सुरू झाले. वायरमन मोरूने आमची वायर त्याच मीटरवरून घेतलेली होती. खाट असा आवाज झाला आणि माझी गिटार मुकी झाली. वीज गेल्यावर विजेची गिटार म्हणजे गळ्यात अडकवलेली फळी.

मी तरी थांबलो नाही. गिटार बाजूला ठेवली, ट्रेलरच्या कडेशी आलो आणि नुसत्या गळ्यावर म्हणू लागलो. हे गाणं वादळाचं. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाण्याची सुरुवात अशी:

*एका दुपारी वाडी पडली,*
*घरातून आभाळ दिसू लागलं.*

"थांब जरा," पहिल्या रांगेतून आवाज आला. भागोजी उभे राहिले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, जन्मभर वाड्यांतून सुपारी उतरवण्याचं काम केलेलं. "वाडी पडली न्हाय. माड पडलं. पोफली मोडल्या."

सोळा वर्षांत मला गाण्याच्या मधे थांबवायची हिंमत कोणी केली नव्हती. अर्थात तितके लोकही कधी समोर नव्हते. मी जरा ताठ होऊन सांगितलं की गाण्यात असं चालतं.

"चालत आसंल," भागोजी म्हणाले. "पन तसं झालं न्हाय."

मग त्यांनी मला, माझ्याच रंगमंचासमोर उभं राहून, नीट समजावलं. माड मुळासकट उपटतो, तो पडताना आधी जमीन कण्हते. पोफळ बारीक, ती उपटत नाही, मधेच मोडते. आवाज वेगळा. दिपेशने मागून विचारलं, वेगळा म्हणजे कसा. भागोजींनी जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. दिपेशने काडी ड्रमच्या कडेवर मारली. "न्हाय, बारीक," भागोजी म्हणाले. दिपेशने काडी उलटी धरली. मागून मनुबाई म्हणाल्या की एकेक नाही, आधी एक, मग दोन, मग मोजता येत नव्हत्या. फाटकाबाहेर पोचलेले काही जण परत आत आले. एकाने पत्रे उडतानाचा आवाज सांगितला, तर दुसऱ्याने तो खोडून काढला. याच्या घराला पत्रे नव्हतेच, हा काय सांगतो. दिपेश घामाने न्हाला होता. वाहतुकीच्या धंद्यात त्याला पुष्कळ गिऱ्हाइकं भेटली होती, पण सव्वाशे वर्षांच्या दोन बहिणी एकत्र मिळून झांज कशी वाजवायची ते सांगताहेत, हे त्याला नवीन होतं. सव्वाशे म्हणजे दोघींचं वय एकत्र धरून.

मी मधोमध उभा होतो आणि मला मनातून लाज वाटत होती. कारण वादळाच्या दिवशी मी इथे नव्हतोच. टाळेबंदीत वाशीला अडकलो होतो आणि चार दिवसांनी पोचलो. आडवी झालेली वाडी पाहिली आणि गाणं लिहिलं. घरात त्या दिवशी क्रांती एकटी होती. तिने मला त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही, आणि मी गाणं लिहिण्यात गर्क होतो, त्यामुळे विचारलं नाही.

तेवढ्यात ती शेवटच्या खुर्चीवरून उठली. आवाज शाळेतलाच, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"आधी कौलं वाजली," ती म्हणाली. "एकेक. कोणी पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवावं, तशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. झाडं त्याच्यानंतर."

दिपेशने काड्या उचलल्या आणि एका ड्रमच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेपर्यंत हलकेच नेल्या, आणि परत आणल्या. क्रांतीने मान हलवली. मी पहिल्या ओळीपासून गाणं पुन्हा म्हटलं, माड पडले आणि पोफळी मोडल्या असं. चालीत दोन मात्रा जास्त झाल्या. त्या मी कशातरी बसवल्या. संपल्यावर भागोजी म्हणाले, परत म्हण. परत म्हटलं. तिसऱ्या वेळी मनुबाईंचे पुण्याचे पाहुणे ओल्या केसांनी येऊन गडग्यावर बसले होते.

आकड्यावरून नंतर थोडा वाद झाला. क्रांतीने मोजणं मधेच सोडलं होतं. काकांच्या डायरीत त्रेपन्न निघाले, पण त्यांत सिस्टर प्राप्ती होती आणि ती कामावर असल्याने धरता येणार नाही, असा मुद्दा त्यांनी स्वतःच काढला. दत्तात्रेय हवालदारही त्याच कारणाने गळले. एक्कावन्न. एक्कावन्नावे आपण स्वतः आहोत आणि आपल्याला ट्रेलरमुळे घरी जाताच येत नव्हतं, हेही काकांनी प्रामाणिकपणे नमूद केलं. तरी पन्नास उरले. काकांनी डायरी मिटली आणि पुढच्या वेळी खुर्च्या सावलीत मांड असं सुचवलं. त्यांच्या तोंडून 'पुढच्या वेळी' हे शब्द मी नीट ऐकून घेतले.

केतन मॅनेजर हात जोडून आले. शेवटचं गाणं फार सुंदर, म्हणाले. शनिवारी तेही घेता येईल, पाहुण्यांना स्थानिक काहीतरी हवंच असतं. फक्त थोडं लहान करावं, आणि झाडं मोडण्याचा भाग काढावा, कारण लोक सुट्टीवर येतात, उगीच जेवताना मन खट्टू होतं. मी घरी जाऊन शर्ट आणला, घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की या गाण्यातली एक मात्राही मी रिसॉर्टसाठी काढणार नाही. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला. त्यांना गाडीपर्यंत जायला गडगा चढून जावं लागलं. शर्ट त्यांनी दातांत धरला होता.

ऊन अजून उतरलं नव्हतं. दिपेश क्रेनवाल्याशी फोनवर घासाघीस करत होता, प्राप्ती टेबल आवरत होती. मी ट्रेलरच्या कडेवर पाय सोडून बसलो. क्रांती येऊन शेजारी बसली. तिने माझ्या हातातून गाण्याचा कागद घेतला आणि पर्समधून लाल पेन काढलं.

"दुसऱ्या कडव्यात 'वारा घरात शिरला' लिहिलंयस," ती म्हणाली. "वारा शिरत नाही रे. घर बाहेर ओढलं जातं. मी दार आतून धरून उभी होते."

"किती वेळ?" मी विचारलं. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"तीन तास."

मी ती ओळ खोडायला सांगितली. तिने खोडली. मग तिने तिसरं कडवं खोडलं, चौथ्यातले दोन शब्द बदलले, एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि मी सगळं ऐकून घेतलं, कारण ती तिथे होती आणि मी नव्हतो. मग पेन ध्रुवपदाकडे वळलं. तेव्हा मात्र मी कागद ओढून घेतला. ध्रुवपद माझं आहे, त्याला कोणाला हात लावू देणार नाही, असं मी तिला बजावलं. आमचं त्यावरून चांगलंच भांडण जुंपलं, आणि क्रेन येऊन गेली तरी ते चालू होतं.